पर्यावरण व्यवस्थापनाचा पहिला फील्ड स्टडी: कुठून सुरू करायचं, काय मोजायचं, काय लिहून ठेवायचं

कोर्सला ॲडमिशन घेतली की एक-दोन सेमिस्टरमध्ये फील्ड स्टडी येतोच, आणि बहुतेक ग्रुप सुरुवात करतात ती मीटर कुठले मिळतील, गाडी कधी निघणार, कोण कुणाबरोबर, इथून. पण फील्ड स्टडी चांगला होणार की वाया जाणार हे बरंचसं निघायच्या आधीच ठरलेलं असतं. ज्यांनी अजून सॅम्पलची बाटली हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणून क्रमाने घेतो. उदाहरण मुख्यतः ओढ्याचं किंवा लहान नदीचं घेतलंय, कारण पाण्यात शिकण्यासारखं खूप आहे आणि चुकायला जागाही खूप आहेत, पण माती, आवाज किंवा कचरा विषय असला तरी क्रम हाच लागतो.

आधी प्रश्न

"नदीच्या प्रदूषणाचा अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मोजून देता येतं. आणि तुमचा कोर्स व्यवस्थापनाचा आहे, म्हणजे उत्तर हातात आल्यावर कुणीतरी त्यावर काहीतरी ठरवणार, पाणी कुठून उचलायचं, सांडपाण्यावर किती प्रक्रिया करायची, कचऱ्याची जागा हलवायची की नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा असा माझा आग्रह असतो: मला काय मोजायचंय, आणि या आकड्यावर कोण काय ठरवेल. दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर ती मोजणी बहुतेक वेळा फक्त लॅबमध्ये मीटर आहे म्हणून ठरलेली असते, ती सरळ काढून टाका, वेळ वाचेल.

हे का महत्त्वाचं ते बघा. समजा वस्तीचं सांडपाणी नाल्यातून नदीला मिळतंय. नवा ग्रुप नाल्याच्या थोडं वर एक सॅम्पल घेतो, नाल्याच्या तोंडाशी एक घेतो, डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजतो, फरक फारसा दिसत नाही, आणि रिपोर्टमध्ये लिहून मोकळा होतो की परिणाम किरकोळ आहे. पण सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ बॅक्टेरिया खातात, त्यात ऑक्सिजन संपतो, आणि या सगळ्याला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे निघून गेलेलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो तो नाल्यापाशी नाही, बराच पुढे, आणि मग हवेतून मिसळत मिसळत हळूहळू परत वर येतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन संशोधकांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या कामातून याचं गणित मांडलं आणि ते आजही शिकवलं जातं. म्हणजे तुमचा प्रश्न जर "नाल्याच्या खाली किती अंतरावर डीओ सगळ्यात कमी होतो आणि कुठे परत सावरतो" असा असेल तर सॅम्पल कुठे घ्यायचे हे प्रश्नातूनच कळतं, आणि उत्तराचा उपयोग पाणी उचलण्याची जागा ठरवणाऱ्याला लगेच होतो.

घरी बसून करायचं काम

नकाशा काढा. सॅटेलाइट इमेज फुकट मिळतात, जुन्या-नव्या दोन्ही बघा, नदीला कुठून काय येऊन मिळतं, काठावर शेती कुठे, कारखाना कुठे, पूल कुठे (पुलावरून सॅम्पल घेणं सोपं आणि सेफ असतं), पाण्यापर्यंत उतरायला वाट आहे का. आधी कुणी त्याच नदीवर काम केलंय का ते डिपार्टमेंटच्या जुन्या रिपोर्टांमध्ये शोधा, सरकारी मॉनिटरिंगचा पॉइंट जवळपास असेल तर तुमचा एक पॉइंट मुद्दाम तिथेच ठेवा म्हणजे तुमचे आकडे कशाशी तरी ताडून बघता येतील.

परवानगीचं काम लगेच सुरू करा. जमीन खाजगी असेल तर मालकाची, जंगल असेल तर वनखात्याची, लोकांच्या मुलाखती असतील तर विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची. हे कागद आपल्या डेडलाइनकडे बघून हलत नाहीत. तोंडी "हो या" वर विसंबून राहू नका, गाइडच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र खिशात ठेवा.

मग एक रेकी करा, मीटर न घेता, नुसतं चालत. कुठे चिखल आहे, कुठे कुत्री आहेत, फोनला रेंज कुठे जाते, एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जायला खरोखर किती वेळ लागतो, हे सगळं तेव्हा कळतं. नकाशावर दहा मिनिटांचं दिसणारं अंतर काट्याकुट्यातून तासाभराचं निघतं, आणि तुमचं अख्खं वेळापत्रक त्यावर उभं असतं.

पॉइंट कुठे आणि किती

एक पॉइंट प्रदूषणाच्या जागेच्या वर पाहिजेच, त्याला कंट्रोल म्हणा. तो नसेल तर खालचं पाणी खराब निघालं तरी ते आधीपासूनच खराब येत होतं की इथे झालं हे सांगता येणार नाही. कंट्रोलचा पॉइंट बाकी बाबतीत खालच्या पॉइंटसारखाच निवडा, तळ तसाच, खोली साधारण तशीच, सावली तशीच. वर खडकाळ खळखळता ओढा आणि खाली संथ डोह अशी तुलना केलीत तर फरक नाल्यामुळे आला की डोहामुळे हे कळायला मार्ग राहत नाही. नाल्याच्या लगेच खाली पाणी नीट मिसळलेलं नसतं, नाल्याच्या बाजूचा काठ एक सांगतो आणि पलीकडचा वेगळंच, म्हणून तिथे आडवं तीन जागी तरी मोजून बघा.

एकाच जागी उभं राहून पाच बाटल्या भरल्या तर त्याला पाच सॅम्पल म्हणायचं का? त्या पाच बाटल्या तुमची मोजणी किती स्थिर आहे एवढंच सांगतात, नदीबद्दल ती एकच माहिती आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट या इकॉलॉजिस्टने १९८४ मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं, आणि परीक्षक लोक हे बरोबर पकडतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी घेतलेलं ते खरं वेगळं सॅम्पल.

वेळही पॉइंटइतकीच महत्त्वाची. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्रभर सगळेच तो वापरतात, त्यामुळे डीओ पहाटे सूर्य उगवायच्या आधी सगळ्यात कमी आणि दुपारनंतर सगळ्यात जास्त. कंट्रोल सकाळी सातला मोजला आणि खालचा पॉइंट दुपारी तीनला, तर सांडपाणी मिसळूनही खालचं पाणी जास्त चांगलं दिसू शकतं. शक्य असेल तर दोन टीम करून एकाच वेळी मोजा, नसेल तर दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा. शिवाय पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो, समुद्रसपाटीला २० अंशाला साधारण ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि ३० अंशाला साधारण ७.६, म्हणून डीओच्या आकड्याशेजारी तापमान आणि सॅचुरेशनची टक्केवारी (त्या तापमानाला मावतो त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे) नसेल तर तो आकडा अर्धवटच आहे.

सामान आणि कॅलिब्रेशन

मीटर निघायच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये चालू करून बघा, बॅटरी जास्तीची घ्या. पीएच मीटर बफरने (ज्याचा पीएच आधीच माहीत आहे असं द्रावण) कॅलिब्रेट करायचा म्हणजे जुळवून घ्यायचा, आधी ७ चा, मग पाणी आम्लाकडे झुकणार असेल तर ४ चा, अल्कलीकडे असेल तर १० चा. कंडक्टिव्हिटीसाठी (पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे त्यात क्षार किती, याचं माप) २५ अंशाला १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरचं स्टँडर्ड बऱ्याच लॅबमध्ये असतं. कॅलिब्रेशन कधी केलं, कुणी केलं, मीटरने काय दाखवलं हे वहीत लिहा, आणि संध्याकाळी परत आल्यावर तेच बफर पुन्हा तपासा, सरकला असेल तर दिवसभराच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तिथेच कळतं. हे संध्याकाळचं तपासणं जवळपास कुणी करत नाही आणि मला ते सकाळच्याइतकंच गरजेचं वाटतं.

बाटल्यांवर लेबल घरीच लावा, वॉटरप्रूफ पेनने, बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नको कारण झाकणं बदलतात. बर्फाचा डबा, हातमोजे, गॉगल, टेप, स्टॉपवॉच, दोरी, पेन्सिली, कचऱ्यासाठी पिशवी, फर्स्ट एड. आणि एक बाटली डिस्टिल्ड वॉटर भरून न्या, ती फील्डवर उघडा, बाकी सॅम्पलना जे जे करताय ते सगळं तिलाही करा आणि परत आणा. तिला फील्ड ब्लँक म्हणतात, तिच्यात काही सापडलं तर ते नदीतून आलेलं नाही, तुमच्या हातातून, बाटलीतून किंवा केमिकलमधून आलंय.

पाण्यापाशी पोचल्यावर

पहिलं काम, पाच मिनिटं काहीच न मोजता बघायचं आणि लिहायचं. पाण्याचा रंग, वास, फेस, काल पाऊस पडला का, ढग आहेत का, काठावर कुणी काय करतंय. नंतर आकड्यात काही विचित्र निघालं तर त्याचं कारण याच ओळींत सापडतं.

पाण्यात उतरायचं असेल तर खालच्या पॉइंटपासून सुरू करून वर जा, नाहीतर वर तुम्ही ढवळलेला गाळ वाहत तुमच्याच पुढच्या सॅम्पलमध्ये येणार. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा, बाटली तुमच्या पुढे धरा, तोंड पाणी येतंय त्या बाजूला, वरच्या थरातला तवंग टाळून २०-३० सेंटिमीटर खाली. साधी बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळून मग भरायची. पण दोन बाटल्या कधीच खंगाळायच्या नाहीत, एक बॅक्टेरियाच्या टेस्टची निर्जंतुक बाटली आणि दुसरी ज्यात आधीच केमिकल घातलेलं असतं ती.

तापमान, पीएच, डीओ, कंडक्टिव्हिटी जागेवरच मोजा, लॅबमध्ये नेईपर्यंत ते बदलतात. बाकीच्या गोष्टींना प्रत्येकीचा आपला नियम आहे आणि तो निघायच्या आधी लॅबवाल्यांशी बोलून पक्का करायचा. सीओडीची (पाण्यातली घाण केमिकलने जाळायला लागणारा ऑक्सिजन) बाटली सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २ च्या खाली नेऊन ठेवतात, जड धातूंची नायट्रिक ॲसिडने, बीओडीच्या (तीच घाण खायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन) बाटलीत मात्र ॲसिड अजिबात नाही कारण त्या टेस्टमध्ये बॅक्टेरिया जिवंत राहायला हवेत, ती फक्त ४ अंशाच्या आसपास गार आणि अंधारात ठेवून लवकरात लवकर लॅबला द्यायची. बीओडीची टेस्टच २० अंशाला पाच दिवस चालते, म्हणजे बाटली शुक्रवारी लावली तर रीडिंग बुधवारी आणि सोमवारी लावली तर शनिवारी, लॅब शनिवारी बंद असेल तर फील्डचा वार त्याप्रमाणे निवडा. कॉलिफॉर्मच्या (पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे बॅक्टेरिया) बाटलीत वर थोडी हवा ठेवा, पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच असायला हवं, आणि ती बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत लॅबमध्ये पोचवा.

डीओ मीटर नसेल किंवा त्याच्यावर शंका असेल तर विंकलरची पद्धत शिकाच. लायोश विंकलर या हंगेरियन केमिस्टने ती १८८८ मध्ये मांडली आणि अजूनही मीटर बरोबर आहे का हे तिच्यावरून तपासतात. काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली घ्यायची, तिरकी धरून हळूच भरायची, पाणी वरून ओसंडू द्यायचं, आत एकही बुडबुडा नको कारण हवेत पाण्यापेक्षा ऑक्सिजन कितीतरी जास्त असतो. मग पिपेटचं टोक पाण्याच्या खाली ठेवून १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, त्यानंतर तेवढंच अल्कली आयोडाइड अझाइड, बूच लावायचं, बाहेर आलेलं पाणी झटकून टाकायचं आणि बाटली उलटीसुलटी करत राहायचं. आत गोळ्यागोळ्यांचा साका तयार होतो. तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त, आणि पांढराफटक आला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच. नाल्याच्या खालच्या पॉइंटवर बाटलीत पांढरा साका बसताना पाहिला की डीओ म्हणजे काय हे परत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साका अर्धा खाली बसला की परत एकदा हलवा, पुन्हा बसू द्या, मग सल्फ्युरिक ॲसिड घालून बूच लावून हलवलं की साका विरघळतो आणि पाणी पिवळं होतं. अशी बाटली अंधारात ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये थायोसल्फेटने टायट्रेट करायची, म्हणजे ते थेंबथेंब घालत किती लागलं ते मोजायचं, स्टार्च घातल्यावर निळा रंग येतो आणि तो जातो तिथे थांबायचं. अझाइड विषारी आहे, हातमोजे आणि गॉगल काढायचे नाहीत, आणि वापरलेलं काहीही नदीत ओतायचं नाही, कॅनमध्ये भरून लॅबला परत.

तलाव किंवा जलाशय असेल तर पाणी किती पारदर्शक आहे ते बघायला सेकी डिस्क सोडा, २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी, अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरली होती तीच कल्पना. सावलीच्या बाजूने सोडायची, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना परत दिसते ती खोली, दोन्हीची सरासरी. उन्हाचा गॉगल असेल तर काढून बघा.

प्रवाह मोजल्याशिवाय परत येऊ नका

हे मी जरा ताणून सांगणार आहे कारण व्यवस्थापनाच्या मुलांचं सगळ्यात जास्त इथे राहून जातं. पाण्यात एका लिटरमागे किती घाण आहे हे सगळे मोजतात, पण नदीतून दिवसाला एकूण किती घाण चालली आहे हे प्रवाह मोजल्याशिवाय निघत नाही, आणि सांडपाण्याच्या प्रक्रियेचा प्लांट किती मोठा लागेल हे ठरवायला तेच लागतं.

करंट मीटर नसला तरी चालतं. सरळ, अडथळे नसलेला पट्टा निवडा, १० मीटर मोजून दोन्ही टोकांना दोरी आडवी धरा. अर्धवट बुडणारं काहीतरी सोडा, म्हणजे वाऱ्याने ढकललं जाणार नाही. मधोमध, डावीकडे, उजवीकडे असं पाच-सहा वेळा सोडून वेळ घ्या. मग पात्राची रुंदी आणि ठरावीक अंतरावर खोली. समजा रुंदी ६ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर. १० मीटर जायला सरासरी २५ सेकंद लागले, म्हणजे वेग ०.४ मीटर प्रति सेकंद. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं म्हणून ०.८५ ने गुणायचं, ०.३४ झाला. गुणाकार केला की प्रवाह ०.८१६ घनमीटर, म्हणजे ८१६ लिटर दर सेकंदाला.

आता बीओडी लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर सेकंदाला ४.०८ ग्रॅम, दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे साधारण ३५३ किलो दिवसाला. तीच नदी पावसानंतर दहापट पाण्याने वाहतेय आणि बीओडी १ मिलिग्रॅमवर आलाय असं धरा. नुसता लिटरचा आकडा बघणारा म्हणेल नदी पाचपट स्वच्छ झाली. गणित करून बघा, सेकंदाला ८.१६ ग्रॅम, दिवसाला साधारण ७०५ किलो, म्हणजे खालच्या तलावात आधीपेक्षा दुप्पट माल चाललाय. पावसाने शेतातलं, रस्त्यावरचं, गटारातलं सगळं धुऊन आणलेलं असतं. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण माशांचं काय होतंय हे विचारणाऱ्याला लिटरमागचा आकडा लागतो आणि तलावात काय साठतंय हे विचारणाऱ्याला दिवसाच्या किलोंचा, म्हणून वहीतली ती दुसरी ओळ.

किडे आणि माती

तळातले किडे नक्की बघा, कारण बाटलीतलं पाणी त्या मिनिटाचं सांगतं आणि किडे मागच्या कित्येक आठवड्यांचं. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून पायाने तळ तीन मिनिटं ढवळायचा, जे वाहून येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि शांतपणे बघायचं, आधी नुसता कचरा दिसतो, मग एकेक हलायला लागतं. स्टोनफ्लाय, मेफ्लाय या कीटकांची पिल्लं भरपूर ऑक्सिजनवाल्या पाण्यात, आणि नुसत्या कायरोनोमिडच्या (डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या) लालभडक अळ्या आणि ट्युबिफेक्ससारखे गांडूळवर्गीय जीव असतील तर ऑक्सिजन कमी असल्याची शक्यता. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी या किड्यांवरून पाण्याचा दर्जा ठरवायच्या पद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात. दुसऱ्या प्रदेशात ते गुण तसेच्या तसे लावू नका, तिथली सुधारित यादी आहे का ते बघा. ओळख पटवून झाली की जीव परत पाण्यात सोडा.

मातीचं थोडक्यात: शेतात नागमोडी चालत १०-१५ जागी वरचा काडीकचरा बाजूला सारून १५ सेंटिमीटरपर्यंत इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा करून त्याच्या बाजूची पातळ चकती घ्यायची, सगळं एकत्र मिसळून ढीग करायचा, चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत मिसळायचं, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची, उन्हात किंवा ओव्हनमध्ये नाही. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती नको.

वही

फोनमध्ये लिहिलं तरी चालेल पण कागदाची वही हवीच, आणि पेन्सिलने, शाई पाण्यात पसरते. पान क्रमांक घातलेली वही. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खोडरबर वापरू नका, पान फाडू नका. प्रत्येक पॉइंटवर तारीख, वेळ, पॉइंटचा कोड, जीपीएस, हवामान, कोण मोजतंय, कोण लिहितंय, मीटरचा नंबर, रीडिंग युनिटसकट. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि मोजणाऱ्याने हो म्हणायचं. जीपीएस दशांश अंशात पाच आकड्यांपर्यंत लिहा, पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर, फोनची अचूकता उघड्या आकाशाखाली पाच मीटरच्या आसपास असते त्यामुळे त्यापुढचे आकडे लिहून काही मिळत नाही. डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पद्धतीवर मोजलेत ती) डब्ल्यूजीएस ८४ आहे हे एकदा लिहून ठेवा. संध्याकाळी, झोपायच्या आधी, पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

लोकांशी बोलणं

काठावर राहणाऱ्या माणसाला नदीचं जे माहीत असतं ते तुमच्या कुठल्याही मीटरला नाही. पण विचारायची पद्धत आहे. आधी आपण कोण, कुठून आलो, कशासाठी विचारतोय, नाव कुठे येणार नाही, आणि नको असेल तर बोलू नका, हे स्पष्ट सांगायचं, मग होकार आला तरच वही उघडायची. "कारखान्यामुळे पाणी खराब झालंय ना?" असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलं. त्याऐवजी "हे पाणी तुम्ही कशाकशाला वापरता, आधी कशाला वापरत होता, कधीपासून बंद केलं" असं विचारा आणि गप्प बसून ऐका. मासेमारी करणारा, शेतीला पाणी घेणारा, घरात पाणी भरणारी, कारखान्यात कामाला जाणारा, प्रत्येकाची नदी वेगळी असते, म्हणून जो पहिला भेटला त्याच्याशीच बोलून थांबू नका. बायका बोलल्या नाहीत तर घरातल्या पाण्याबद्दलची अर्धी माहिती राहिली असं समजा. आणि आम्ही रिपोर्ट दिला की काहीतरी होईल असं आश्वासन चुकूनही देऊ नका, ते तुमच्या हातात नाही आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांवरचा विश्वास त्यात जातो.

जिवाची काळजी

एकट्याने जायचं नाही. कुठे जातोय, कधी परत येणार हे मागे राहिलेल्या एका माणसाला सांगून जायचं. गुडघ्याच्या वर पाणी असेल किंवा पाय सरकत असेल तर तो पॉइंट सोडून द्यायचा, पाणी अचानक गढूळ झालं किंवा काड्या वाहून यायला लागल्या तर वर पाऊस झालाय, लगेच बाहेर. गडगडाट ऐकू आला की काम बंद, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. मॅनहोल, सेप्टिक टँक, बंद चेंबर यात वाकूनही सॅम्पल घ्यायचं नाही, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास जास्त प्रमाण झालं की नाकाला कळेनासा होतो, आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणसं जीव गमावतात. हाताला जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी, खायच्या आधी साबणाने हात. फील्डनंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना नदीच्या पाण्यात उतरलो होतो हे आपणहून सांगा, लेप्टोस्पायरोसिस त्यांनी त्या दिशेने बघितलं तरच लवकर सापडतो.

परत आल्यावर

आकडे त्याच आठवड्यात शीटमध्ये भरा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. मूळ शीट कुलूपबंद ठेवा आणि सगळी गणितं कॉपीवर करा. लॅबने "शोधमर्यादेच्या खाली" म्हणजे त्यांच्या पद्धतीला पकडता येईल त्याहून कमी असं दिलं असेल तर शून्य लिहू नका, मर्यादा किती होती ते लिहा. पीएचची साधी सरासरी काढू नका, ते लॉगचं मोजमाप आहे, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि मध्यक द्या. मीटर दोन दशांश दाखवतो म्हणून सगळीकडे दोन दशांश लिहायची गरज नाही. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा आला तर काढून टाकायच्या आधी वहीत त्या वेळी काय लिहिलंय ते बघा, कुणी वर जनावरं धुत असेल, पंप चालू असेल. कारण सापडलं नाही तर आकडा ठेवा आणि तसं लिहा.

परिणामांचं मूल्यांकन करायला सांगितलं असेल तर लिओपोल्ड मॅट्रिक्स समोर येईल, प्रकल्पातल्या कुठल्या कृतीचा पर्यावरणाच्या कुठल्या घटकावर किती परिणाम होतो याचा तक्ता, १९७१ चा, १०० कृती आडव्या आणि ८८ घटक उभे, म्हणजे ८,८०० चौकटी. त्या सगळ्या भरायच्या नसतात. तुमच्या प्रकल्पाला लागू असलेल्या निवडा आणि प्रत्येक गुण का दिला याची एक ओळ शेजारी लिहा. कारण न लिहिलेल्या गुणांची बेरीज करून काढलेला निष्कर्ष मला तरी मान्य होत नाही.

रिपोर्टमध्ये पद्धत आधी लिहा, फील्डवरून आल्या आल्या, आठवतंय तोवर. काय मोजता आलं नाही, कुठला पॉइंट सुटला, किती दिवसांचाच डेटा आहे हेही स्पष्ट लिहा. आणि पहिल्या पानावरच्या दुसऱ्या ओळीकडे परत जा, ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्यासाठी एक पान वेगळं करा, साध्या भाषेत, एक नकाशा आणि मोजके आकडे.

तसंच एक पान ज्यांच्याशी बोललात त्यांना नेऊन द्या, फक्त आधी गाइडला दाखवून. तिथे पहिला प्रश्न येणार, "मग हे पाणी प्यायला चालेल का?" तुम्ही डीओ, पीएच आणि बीओडी मोजलं असेल तर त्यावरून हो म्हणता येत नाही, पिण्याच्या पाण्याला जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक असं बरंच वेगळं तपासावं लागतं. तेव्हा आपण काय मोजलं तेवढंच सांगा, पिण्याच्या पाण्याची तपासणी कुठल्या सरकारी लॅबमध्ये होते ते आधीच शोधून त्याच पानावर लिहून ठेवा, आणि कॉलिफॉर्म मोजून ते सापडलं असेल तर कुणी विचारायची वाट न बघता, रिपोर्ट सबमिट व्हायची वाट न बघता, गाइडच्या मदतीने आरोग्य विभागाला आणि तिथल्या लोकांना त्याच दिवशी कळवा.